मार्टिनचा अर्धा झगा

"पण फादर, हे खरंच घडलं होतं का?"

प्रश्न याच शब्दांत विचारला होता, असं रेजिनाल्ड तुस्कानो आज छातीठोकपणे सांगणार नाहीत. कदाचित "तुमचा तरी विश्वास आहे का?" असं विचारलं असेल. वय झालं, आठवणींची सरमिसळ होते. जागा मात्र पक्की आठवते. वसईतलं निवृत्त धर्मगुरूंचं घर, त्याचा ओटा, आणि ओट्यावर सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसलेले फादर जोकिम.

"काय घडलं होतं का?" फादरनी विचारलं.

"संत मार्टिनचं. तो सैनिक होता, कडाक्याची थंडी होती, शहराच्या वेशीपाशी उघडा भिकारी दिसला. त्यानं तलवारीनं आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला... हे."

"सोळाशे वर्षं होऊन गेली, रेजी. मी काही तेव्हा नव्हतो."

आणि फादरनी पुढची शेंग उचलली.

रेजिनाल्ड सरांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उभा जन्म कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, डॉक्टरेट मिळवली, आता निवृत्तीनंतर या एका संतावरची जाडजूड पुस्तकं वाचून काढली, आणि जितकं वाचावं तितकं पाऊल डळमळत गेलं.

त्यात उद्या संत मार्टिनचा सण होता. त्यांच्या चिंचआळीत दरवर्षी एका घराची पाळी असे. त्या घरच्या कर्त्यानं लाल झगा घालून चर्चच्या गेटपाशी उभं राहायचं, सगळ्यांसमोर कात्रीनं झगा मधोमध कापायचा, अर्धा तिथल्या एखाद्या गरजूच्या अंगावर घालायचा आणि उरलेला अर्धा घालून संध्याकाळपर्यंत आळीभर हिंडायचं. यंदाची पाळी तुस्कान्यांची होती.

झगा शिवला होता इनासनं, त्यांच्या बायकोनं. पावसाळ्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. उशीला टेकून, दम खात, थोडा थोडा करून शिवला. ती लहान असताना तिच्या वडिलांनी पाळी केली होती. "तुम्हाला एकदा त्यात बघू दे," एवढंच ती म्हणाली होती. पुढच्या सणाचं ती काही बोलत नव्हती.

"घडलं असेल तर मी घालतो," सर म्हणाले. "नसेल तर ते सोंग झालं. माझा विश्वास नाही फादर. खोटं कसं वागू? आणि तिला नाही तरी कसं म्हणू?"

"थंडी वाजते का तुला?"

"...वाजते."

"मग निदान थंडीवर तरी विश्वास आहे."

सरांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी सोबत आणलेली झग्याची पिशवी मांडीवर घेतली.

"मी एक मार्ग काढलाय. झगा कापायचाच नाही. तिच्या हातची शिलाई आहे, ती का मोडा? पूर्ण झगाच देऊन टाकतो. वर सरकारी दवाखान्याला नवी ब्लँकेटं. अर्ध्यापेक्षा पूर्ण दान मोठं... नाही का?"

फादरचे हात थांबले.

"मोठं. फारच मोठं. लोक टाळ्या वाजवतील. पेपरात फोटो येईल तुझा."

"तसं नव्हे..."

"घाल बघू."

"आत्ता? इथं?"

"मग काय, रोमला जाऊन?"

सरांनी पिशवीतून झगा काढला आणि खांद्यावर घेतला. गुडघ्यापर्यंत आला. लाल रंगात ते जरा ताठच उभे राहिले.

"राजबिंडा दिसतोस रे!" फादर म्हणाले.

मग ते भिंतीला धरून उठले. झग्याच्या पाठीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"शिलाई राखायची म्हणतोस... मध्ये नुसता धावदोरा आहे. बघितलास?"

सरांनी बघितला नव्हता. कडेची शिलाई बारीक, घट्ट. मधली लांब लांब टाक्यांची. कात्री अडू नये म्हणून.



फादरनी झग्याचा डावा भाग गोळा केला, मागे वळवला आणि सरांच्या काखेत खुपसला. आता उजव्या खांद्यावर राजा आणि डाव्या खांद्यावर बुशशर्ट, खिशाला पेन. फादर दोन पावलं मागे सरले, त्यांच्याकडे बघितलं... आणि हसत सुटले. दात नसलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. धक्क्यानं सूप कलंडलं आणि वालाचे दाणे ओटाभर झाले.

"तुम्ही हसताय, फादर? मी एवढा अडचणीत, आणि तुम्ही..."

"अरे, त्यालाही हसले होते."

"कोणाला?"

"मार्टिनला. तिथंच, वेशीपाशी."

"कोण हसलं? कुठं लिहिलंय? मी वाचलेल्या एकाही पुस्तकात हे नाही."

फादर खाली बसून दाणे वेचू लागले. थोड्या वेळानं सरही बसले, काखेतला झगा सांभाळत, आणि दोघं दाणे वेचत राहिले.

निघताना सरांनी पुन्हा विचारलं, "मग मी काय करू?"

"आरशात बघू नकोस," फादर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी गेटपाशी झगा कापला. विश्वास बसला म्हणून नव्हे. का, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही. अर्धा त्यांनी वीटभट्टीवरच्या एका कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर घातला आणि उरलेला घालून निघाले. आळी हसली. दारात खुर्चीवर आणून बसवलेली इनास तर तोंडाला पदर लावून, खोकत खोकत, खूप वेळ हसली.

फादरनी ती गोष्ट तिथल्या तिथे रचली असावी, अशी शंका मात्र सरांच्या मनात राहिली. इनास गेली, फादर गेले, तरी राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी, मार्टिनला प्रत्यक्ष भेटलेल्या एका माणसानं लिहून ठेवलेल्या जुन्या चरित्राचं भाषांतर त्यांच्या हाती लागलं. त्यात वेशीपाशी काही लोक हसल्याचं लिहिलं आहे. आणि बाकीचे मनातल्या मनात कण्हल्याचंही, कारण त्यांच्या अंगावर मार्टिनपेक्षा जास्त कपडे होते.