घंटेचा दोर

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक दोर वळणारा राहत होता. घायपाताच्या पानांतून वाख, म्हणजे चिवट धागा, काढायचा, त्याला पीळ द्यायचा आणि गावाला दोर पुरवायचे, हे त्याचं काम. दर वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सणाला लोक आपलं पहिलं पीक चर्चमध्ये देवापुढे ठेवत. हा घंटेसाठी नवा, लांबलचक दोर देई. घरच्या आडावर मात्र झिजलेला, ठिकठिकाणी गाठी मारलेला दोर.

बायको म्हणे, "अहो, एखादा आपल्यालाही वळा की."

"आधी देवाचा," तो म्हणे.

यंदा सणाच्या आठ दिवस आधी त्याच्या झोपडीला आग लागली. वर्षाचा सगळा वाख जळाला आणि विझवता विझवता त्याचा उजवा तळहात भाजला. दोर वळणाऱ्याचा तळहात! सगळं गाव बघायला आलं. जो तो म्हणे, "जीव वाचला ना? देवाचे आभार मान." आणि हात हलवत घरी जाई. मूठभर वाख कुणी आणला नाही. उपदेशाला काही खर्च येत नाही ना!

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. दोरवाला आठ दिवस धुमसत राहिला. सणाच्या सकाळी तो तडक चर्चमध्ये शिरला आणि वेदीकडे बघून ओरडला, "चांगला दोर तुला, कुजका माझ्या घराला. आणि तू काय दिलंस मला? हा हात! आण माझा दोर इकडे." शिडीवर चढून त्याने डाव्या हाताने घंटेचा दोर सोडवला.

दारात पाळकसाहेब भेटले. "अरे, मग मी घंटा कशी वाजवू?"

"त्यालाच सांगा वाजवायला!" तो म्हणाला आणि दोर खांद्यावर टाकून निघाला.

अंगणात येतो तर आडातून हाक आली, "अहो!" पाणी ओढताना जुना दोर तुटला होता आणि तोल जाऊन बायको आत पडली होती. गळ्याइतक्या पाण्यात ती एका दगडाला धरून होती. त्याने खांद्यावरचा दोर खाली सोडला. तिने तो कमरेला बांधला. पण एका हाताने ओढणार किती? दोर वीतभर वर येई आणि हातभर निसटे. शेवटी त्याने दोराचं टोक चिंचेच्या बुंध्याला बांधलं आणि आभाळाकडे बघून किंचाळला, "भांडलोय मी तुझ्याशी! तरी ये! तुझ्याशिवाय माझं कोण आहे?"

इकडे घंटा वाजली नाही म्हणून सगळं गाव खवळलं होतं. पिकांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन लोक त्याला जाब विचारायलाच आले. "देवाचा दोर चोरतोस? लाज नाही वाटत?" तेवढ्यात आडातून बायकोचं रडणं ऐकू आलं. टोपल्या धाडकन खाली पडल्या. केळी, भोपळे मातीत लोळले आणि वीस हातांनी दोर धरला.

बायको वर आली. दोरवाला तिला धरून मटकन खाली बसला. घंटा वाजली असती, तर हे सगळे चर्चमध्ये गात बसले असते, हे त्याला तेव्हा कळलं.

"आता तरी आभार मान," कुणीतरी म्हणालंच.

"मानतो!" तो कडाडला. "हाताबद्दल नाही मानणार. हिच्याबद्दल मानतो. देवा, मी रागावून तुझा दोर नेला आणि तरी तू आलास." मग तो ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात घायपाताच्या मोळ्या येऊन पडल्या.

तो दोर परत द्यायला गेला, तेव्हा पाळकसाहेबांनी कोयता घेऊन दोराचे दोन तुकडे केले. "हा घंटेला. हा तुझ्या आडाला."

त्या गावात अजूनही घंटा वाजवायला पाळकसाहेबांना स्टुलावर चढावं लागतं.

तात्पर्य: देवावर राग आला, तर त्याच्याच दारी जाऊन भांडावं, आणि मदत आली की मनापासून आभार मानावेत. पण ज्याचं घर जळालं, त्याला आभार शिकवायला रिकाम्या हाताने जाऊ नये.