वैद्याचा हुंकार

एका गावात कथा रचणारे सात जण होते आणि ऐकायला तयार असलेला एकही नव्हता. त्यामुळे ते सातही जण आपसातच कथा सांगत. पोटापाण्यासाठी त्यांतला कुणी सोनार होता, कुणी कोष्टी, कुणी देवळाचा पुजारी. पण घरचे लोक सोडले तर सगळे त्यांना कथाकार म्हणत, म्हणजे ते स्वतःच एकमेकांना म्हणत.

दर अमावास्येला गावातली कामे बंद असत. त्या दिवशी दुपारी ही मंडळी देवळाच्या सभामंडपात जमत. एकाने कथा सांगायची आणि दुसऱ्याने त्याच्यासमोर बसून हुंकार द्यायचा, अशी रीत होती. रीत जुनी आणि शहाणपणाची होती. कथा पटते आहे तोवर समोरच्याने ‘हं’ म्हणत राहायचे; पटेनाशी झाली की गप्प बसायचे. मग सांगणाऱ्याने मागे जाऊन काय बिघडले ते शोधायचे. ते दुरुस्त झाले की हुंकार पुन्हा सुरू.

पण माणसे जुनी रीत पाळतात ती आपल्या सोयीने. आज मी ज्याच्या कथेला गप्प बसेन, तो पुढच्या अमावास्येला माझ्या कथेला गप्प बसेल, हे प्रत्येकाच्या ध्यानात आले होते. तेव्हापासून कुणीच गप्प बसत नसे. पुजाऱ्याला तर कथा सुरू होताच झोप लागे, पण तो झोपेतही हुंकार देई. आणि तो एका लयीत येत असल्यामुळे त्याला मोठी मागणी होती.

या सात जणांत एक वैद्य होता. रोग्याला कडू काढा पाजताना त्याचा हात कधी कापला नाही. “जिभेचा सल्ला घेऊ नकोस, घोट घे,” असे तो दटावून सांगे. कथेला मात्र तो सगळ्यांसारखाच ‘हं’ म्हणे.

जवळच्या डोंगरावर देवीची जत्रा भरे आणि तिथे प्रत्येक गावाच्या एका कथाकाराला कथा सांगायला बोलावत. गेल्या साली सोनार गेला होता. त्याची कथा निम्म्यावर आली तोवर सगळी माणसे उठून रहाटपाळण्याकडे गेली. उरला तो त्याचा गाडीवान, कारण त्याला सोनाराला परत न्यायचे होते. जत्रेच्या पंचांनी सांगून ठेवले, की पुन्हा असे झाले तर या गावाचे आमंत्रण कायमचे बंद. यंदा पाळी वैद्याची होती. उभ्या आयुष्यात त्याने दुसरे काही इतके मनापासून इच्छिले नव्हते.

त्याच सुमारास एक कासारीण गावात भावाकडे राहायला आली. बांगड्या भरता भरता ती बायकांना मनाने रचलेल्या गोष्टी सांगे, असे कळल्यावर मंडळींनी तिलाही बोलावले. आणखी एक हुंकार मिळाला तर कुणाला नको असतो?

जत्रेची कथा आधी घोटून घ्यावी म्हणून वैद्याने ती सांगायला घेतली आणि कासारणीला समोर बसवले. कथेतला राजपुत्र शिकारीला निघाला. “हं.” वाट चुकला. “हं.” आडरानातल्या विहिरीत पडला. “हं.” मग तो विहिरीतून बाहेर आला आणि घोड्यावर बसला.

हुंकार आला नाही.

वैद्याने वाक्य पुन्हा म्हटले. तरी नाही. मंडपातल्या इतरांनी माना खाली घातल्या. पुजारी दचकून जागा झाला; शांततेत झोपायची त्याला सवय नव्हती.

“काय झालं, बाई?” वैद्याने विचारले.

“तो बाहेर कसा आला?”

“शूर होता तो.”

“शूर माणसंसुद्धा विहिरीतून दोरानंच वर येतात, वैद्यबुवा. दोर कुणी सोडला?”

“कथेत असं सगळं विचारायचं नसतं.”

“मग मी समोर कशाला बसलेय?” कासारीण म्हणाली. “विहिरीतला अंधार मात्र खरा उतरलाय. तो पाण्यात चाचपून आपला फेटा शोधतो, तिथं माझेच हात गार पडले.”

हे शेवटचे वाक्य वैद्याने ऐकलेच नाही. तो उपरणे झटकून उठला आणि कथा अर्धी टाकून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो सोनाराच्या दुकानात जाऊन बसला. “काल आलेल्या बाईनं मला दोर शिकवावा?” तो म्हणाला. “तुम्ही ही कथा दोनदा ऐकलीत. तुम्हाला कधी खटकलं?”

सोनाराने फुंकणी खाली ठेवली.

“खटकलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“पुढच्या खेपेला माझी कथा होती.” सोनाराने सुस्कारा टाकला. “माझ्याही कथेत काहीतरी होतंच ना, वैद्यबुवा? तुम्हाला दिसलंही असेल. तुम्ही सगळे हं हं म्हणालात आणि मी ऐटीत जत्रेला गेलो. लोक उठून जाताना काय वाटतं, ते तुम्हाला अजून ठाऊक नाही.”

वैद्याला दिसले होते. सोनाराच्या कथेत मेलेला सावकार पुढे लग्नाच्या पंगतीत जेवत होता. वैद्याने त्याच्या जेवणालाही हं म्हटले होते. तो उठून घरी आला. कासारणीवरचा राग मात्र काही उतरला नाही.

पुढच्या अमावास्येला कासारणीची पाळी आली. पुजाऱ्याने सांगितले, की वैद्यबुवांच्या कथेचा हुंकार तुटला आहे. बाईंच्या कथेचा शेवटपर्यंत टिकला तर जत्रेला बाई जातील, नाहीतर वैद्यबुवाच. वैद्य पुढे सरसावून म्हणाला, “समोर मी बसतो.” पहिल्याच वाक्याला गप्प बसायचे, असे तो घरून ठरवून आला होता.

कासारीण सांगू लागली. एक नावाडी होता. तो साऱ्या जगाला पैलतीरी नेई, पण लहानपणी ज्याच्या जोडीने वल्ही मारली त्या सख्ख्या भावाला आता नावेत घेत नसे. भाऊही हट्टी. तो पलीकडे जायला डोंगराला वळसा घालून, पाणी गुडघाभर असे तिथून जाई.

“हं,” वैद्य म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला. पुढच्या वाक्याला नक्की गप्प बसायचे, असे त्याने ठरवले. पण पुढच्या वाक्यात नदीला पूर आला, वळशाची वाट बुडाली, पलीकडे भावाची लेक बाळंतपणात अडली आणि भाऊ काठावर येऊन उभा राहिला. तो हाक मारीना. नावाडी नाव सोडीना. आता वैद्याचे ‘हं’ वाक्य संपायच्या आधीच येऊ लागले. शेवटी नावाड्याने मुकाट्याने नाव काठाला लावली. भाऊ चढून बसला. त्याने बोलायला तोंड उघडले, आणि नदीतून साक्षात देवी प्रकटली. तिने दोघांना उपदेश केला. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले.

वैद्य गप्प झाला.

मंडपात चुळबुळ झाली. कासारणीने त्याच्याकडे रोखून पाहिले.

“त्या दिवसाचं उट्टं काढताय का, वैद्यबुवा?”

“काढायला आलो होतो,” वैद्य म्हणाला. “पहिल्याच वाक्याला गप्प बसणार होतो. जमलं नाही. इथं मात्र काही न ठरवता गप्प झालो.”

“का?”

“भाऊ तोंड उघडत होता. इतक्या वर्षांनी तो काय बोलणार, ते मला ऐकायचं होतं. तुम्ही मध्येच देवी आणून त्याचं तोंड बंद केलंत.”

कासारीण हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिली. “मला पुढचं सुचेना,” ती म्हणाली. “म्हणून देवी आणली.”

“हुंकार तुटला,” पुजारी म्हणाला. “म्हणजे वैद्यबुवाच जाणार.”

वैद्याला ते ऐकून गोड वाटले, खोटे कशाला बोला. जत्रा, माणसे, मांडव, सगळे क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढून गेले. मग तो म्हणाला, “रीत पुरी सांगा, पुजारीबुवा. हुंकार तुटला तर मागे जाऊन दुरुस्त करायचं, म्हणजे तो पुन्हा सुरू होतो. मी दुरुस्त न करताच घरी गेलो. यांची कथा माझ्याहून चांगली आहे. यांना जाऊ द्या. मी समोर बसेन.”

“पण शेवट कुठाय?” सोनाराने विचारले.

“सापडेल,” कासारीण म्हणाली. “आता कुठं शोधायचा ते कळलंय.”

जत्रेला जाताना बैलगाडीत वैद्याने दोनदा विचारले. “शेवट सापडला का, बाई?”

“सापडला.”

“मग सांगा की.”

“मांडवात ऐका. आधी सांगितला तर तुम्ही तिथं सवयीचा हं म्हणाल. तो मला नको.”

मांडव भरला होता आणि मागे रहाटपाळणा करकरत होता. कासारीण सांगू लागली, वैद्य समोर बसून हुंकार देऊ लागला. पूर आला, नाव काठाला लागली, भाऊ चढून बसला. त्याने तोंड उघडले आणि विचारले, “डावं वल्हं अजून जड जातं का रे?”

नावाड्याने डाव्या वल्ह्याकडे पाहिले. “जातं,” तो म्हणाला, आणि बाजूला सरकून त्याने भावाला जागा करून दिली.

कासारीण थांबली. समोरून हुंकार नाही. तिने समोर पाहिले. वैद्य टक लावून बसला होता. आपण हुंकार द्यायला बसलो आहोत, हेच तो विसरला होता. आणि मग मांडवाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणाले, “हं.” मग दुसऱ्या कोपऱ्यातून आला, मग सगळीकडून. उठून कुणीही गेले नाही. पंचांनी त्याच जागी गावाला पुढच्या सालचे आमंत्रण दिले.

तात्पर्य, ज्यांना ते लागते त्यांच्यासाठी: कथा चुकते तिथे जो गप्प बसू शकतो, त्याच्याच ‘हं’ला किंमत असते, आणि ते गप्प बसणे जो सोसतो, त्याचीच कथा ऐकायला लोक थांबतात.