विसावे बोंड

मेक्सिकोत मेस्कितालचे खोरे आहे, कोरडे ठणठणीत, घायपात आणि निवडुंगाचे. तिथल्या एका वाडीत ओतोमी जमातीच्या बायका निवडुंगाची लाल बोंडे विसाच्या वाट्याने विकतात. एकोणिसापर्यंत हात झरझर चालतो आणि मग बाई थांबते. पुढचे बोंड हातात धरून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहते. नवख्याला वाटते, बाई मोजणी विसरली, नाहीतर भाव वाढवायच्या बेतात आहे. शेवटी न राहवून तो 'वीस' म्हणतो आणि बोंड वाट्यात पडते. कोणत्याही भाषेत म्हटले तरी चालते. असे का, ते बाजारात बसणारी हिलारिया आजी सांगते. पण आधी बोंडे घ्यावी लागतात, फुकट ऐकणाऱ्यांवर तिचा राग आहे.

ती म्हणते, आमची मोजणी अंगावरची. दोनाला योहो, साताला योतो. एक हात भरला की दुसऱ्या हातावर पुन्हा तीच बोटे. हात संपले की पाय. हातपाय मिळून वीस, म्हणजे अख्खा माणूस. चाळीस म्हणजे दोन विसा. वीस उच्चारले की एक मोजणी मिटली.

फार पूर्वी म्हणे खाणवाल्यांनी वाडीतले वीस गडी डोंगरापलीकडे कामाला नेले. त्यांत पेत्रोनाचा नवरा मार्सियाल होता. लग्नाला वर्षही झाले नव्हते. बऱ्याच काळाने गडी परतले ते खिंडीतून एकामागून एक, वाळलेले, खोकत. वाडीचा म्हातारा पुढारी लासारो वाटेवर उभा राहून मोजत होता. एकोणीस आले आणि वाट रिकामी झाली. मार्सियाल वाटेत मागे राहिला, यापलीकडे कोणालाच काही सांगता येईना.

रीत अशी होती, की न आलेल्याच्या नावाने पुढाऱ्याने शेवटचा आकडा उच्चारायचा. तो उच्चारला की माणूस मेलेल्यांत जमा. मग त्याच्या नावाची मेणबत्ती लागे आणि त्याची बायको दुसरे घर करायला मोकळी होई. लासारोने तोंड उघडले, तसा पेत्रोनाने त्याचा हात धरला.

"बाबा, तो आकडा त्याचा आहे. तो खिंडीतून येईल आणि स्वतः म्हणेल."

"आणि नाही आला तर, पोरी?"

"तर राहू द्या मोजणी उघडी."

लासारोचा स्वतःचा मुलगा त्या एकोणिसांत होता. त्याने मोजणी तशीच उघडी ठेवली.

पेत्रोनाला हे सोपे गेले असे कोणी समजू नये. मृतांच्या दिवशी साऱ्या घरांत मेणबत्त्या लागत, तिच्या घरात अंधार. मागण्या आल्या, तिने परत पाठवल्या. बोंडे मोजताना ती एकोणिसाला थांबे आणि खिंडीकडे बघे. तिच्यासमोर इतर बायकाही पुढचा आकडा घेईनाशा झाल्या. तिला त्याची फार आठवण येई, आणि त्याचा चेहरा आपण विसरत चाललो आहोत याची भीती त्याहून जास्त वाटे.

तिचे केस पिकल्यावर एकदा खिंडीतून एक माणूस उतरला, असे सांगतात. बाजारातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पण तो निघाला मडकी विकणारा, तरणा, परमुलखातला. तहानेने कासावीस होऊन तो पेत्रोनाच्या टोपलीशी टेकला. ती मोजत होती. ती एकोणिसाला थांबली, तसे त्याने सहज 'वीस' म्हणून टाकले. बायकांनी पेत्रोनाकडे बघितले. तिने हातातले बोंड सोलून त्याला दिले.

"खा बाळा," ती म्हणाली. "त्या वाटेने कोणीतरी आलं."

मेणबत्ती मात्र तिने शेवटपर्यंत लावली नाही.

आजही वाडीतले लोक तो आकडा घरातल्या घरात म्हणत नाहीत. बाहेरून आलेल्याने म्हणायचा. आता तरणी पोरे सरहद्द ओलांडून उत्तरेला कामाला जातात, आणि वर्षानुवर्षे येत नाहीत. रविवारी फोन आला की आई तो कानाशी धरून बोंडे मोजते आणि एकोणिसाला गप्प होते. पलीकडून पोरगा म्हणतो, 'वीस.' हिलारिया आजीच्या दोन मुलांचे फोन येतात, तिसऱ्याचा येत नाही. त्याच्या नावाचा वाटा ती रोज टोपलीमागे वेगळा मांडते. तो मात्र ती कुठल्याच गिऱ्हाइकाला पुरा करू देत नाही.