राजहत्तीच्या लग्नाची पत्रिका

"हा अँटिव्हायरस खरंच राखण करतो, की नुसतं फुकटचं खातो? उद्या दुपारपर्यंत सिद्ध कर!" उदंडसेन महाराजांनी फर्मावलं. "नाहीतर त्याला काढतो आणि त्याच्या जागी तुला बसवतो. पापणी न लवता पडद्याकडे बघत राहायचं, जन्मभर!"

हुकूम झाला होता सटवाजीला, राजवाड्याच्या दारवानाला. का, तर राखणीतलं त्यालाच कळतं म्हणून! राजाच्या घरच्या कम्प्युटरवरून दरबारात रोज हमरीतुमरी व्हायची. प्रधान म्हणत, "एकही व्हायरस आला नाही, म्हणजे राखण चोख आहे!" सेनापती म्हणत, "एकही आला नाही, मग राखणदार हवाच कशाला?" राजवैद्य तर कम्प्युटरला सुंठीचा काढा पाजायला निघाले, तेव्हा राणीसाहेबांनी कीबोर्ड पदराखाली लपवला.

सटवाजी घरी आला तो रडवेला होऊनच. "गोजरे, न आलेला चोर दाखवायचा कसा गं?"

लेकीचा जीव तुटला. बापाला उभ्या उभ्या डुलकी लागते, हे साऱ्या गडाला ठाऊक! "आबा, रडू नका. आपण आलेलाच दाखवू," गोजरा म्हणाली आणि कामाला लागली.

त्या राज्यात एक रीत होती. लग्नाचं आमंत्रण कुणाचंही असो, नाकारायचं नाही. महाराज ही रीत फार मनापासून पाळत. पोटावरून ते दिसायचंच.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात आणून ठेवलेला कम्प्युटर किणकिणला. पडद्यावर पत्र आलं: 'आमचे येथे श्रीकृपेकरून राजहत्ती चि. भुजंगराव यांचा शुभविवाह योजिला आहे. जेवणात जिलेबी. पत्रिका उघडावी.'

"जिलेबी!" महाराज ताडकन उठले.

तोच पडदा लालभडक झाला. अँटिव्हायरस ओरडला, "थांबा! पत्रिकेत व्हायरस आहे. उघडू नका!"

"लग्नकार्यात अपशकुन करतोस? चूप!"

"महाराज, पुन्हा सांगतो, उघडू नका!"

महाराजांनी रागारागानं अँटिव्हायरस बंद केला आणि पत्रिका उघडली.

झालं! पडदा उलटा झाला, अक्षरं घरंगळून खाली पडली आणि कम्प्युटर गाढवासारखा ओरडायला लागला. थांबेचना! बाहेर कुंभारांच्या गाढवांनी साथ धरली. सेनापती टाळ्या पिटू लागले, "आला की नाही व्हायरस? राखणदार कुचकामी!"

"सटवाजी!" महाराज कडाडले. गोजरा पुढे झाली.

"महाराज, हत्तीची पत्रिका माझी, व्हायरसही माझाच. अभय असेल तर बोलते."

"दिलं! आधी ते गाढव थांबव!"

गोजरानं कळ दाबली. ओरडणं थांबलं.

"महाराज, चोराला ओळखलं कुणी?"

"अँटिव्हायरसनं."

"दारात अडवलं कुणी?"

"त्यानंच."

"मग आत घेतलं कुणी?"

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधान छत न्याहाळू लागले.

"मी," महाराज पुटपुटले.

"म्हणजे राखणदार खरा आहे, महाराज! फक्त मालकाचा हात धरायचा हुकूम त्याला कुणी दिलेला नाही!"

महाराज आधी लाल झाले, मग खुदकन हसले, आणि मग मुकुट कानावर येईपर्यंत हसत सुटले. "सटवाजी, तू सुटलास! आणि पोरी, तो हुकूम आजपासून तुला! मी कुठलंही पत्र उघडायला लागलो की हातावर खुशाल चापट मारायची!"

आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हातात घातलं.