तुऱ्याची काती

कोंबडे माणसांच्या आधी उठायचे आणि माणसांपेक्षा जास्त बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट.

जंगलाकाठच्या एका बाजारात कोंबड्यांची झुंज लागायची. पायाला काती, म्हणजे बोटभर लांबीचं धारदार पातं, बांधून दोन कोंबडे रिंगणात सोडायचे. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या मालकाच्या हंडीत जायचा.

त्या दिवशी तुऱ्या नावाच्या तांबड्या कोंबड्यासमोर काबरा नावाचा कोंबडा उभा ठाकला. काबऱ्याने मानेवरची पिसं फुलवली. "ये की पुढे! भ्यालास काय?"

"भ्यालोय," तुऱ्या म्हणाला. "तू नाही?"

काबरा गडबडला. मग हळूच म्हणाला, "पण लढलो नाही, तर दोघेही हंडीत जाऊ."

"जाऊ. पण तुझं रक्त माझ्या पायाला लागलेलं नसेल. मला एक सांग, मी तुझं काय वाकडं केलंय?"

काबऱ्याने खूप आठवून पाहिलं. काहीच आठवेना.

तुऱ्याने माती उकरली. दाणे दिसले, तसं त्याने स्वतः टिपण्याआधी काबऱ्याला हाक मारली. दोघे मिळून टिपायला लागले.

लोक चवताळले. "तुझ्या कोंबड्याने कच खाल्ली!" "तुझाच आधी मागे सरला!" एकाने दुसऱ्याची गचांडी धरली आणि बघता बघता सगळा बाजार एकमेकांच्या अंगावर धावून गेला.

"यांनी एकमेकांचं काय वाकडं केलंय?" काबऱ्याने विचारलं.

तुऱ्याने मान वाकवून त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "आणि यांच्या पायाला तर कुणी काती बांधलेलीही दिसत नाही."