बंद दार, रिकामी खुर्ची

मालक स्वतः राहत असेल, तरच घरपट्टीत सवलत मिळते. ती आता आमच्या हातून जाणार, या काळजीने मला झोप नव्हती. तपासणीला आलेले बेलसरे साहेब दारातच म्हणाले, "मॅडम, दोनदा येऊन गेलो. दोन्ही वेळा कुलूप! म्हणजे तुम्ही इथे राहत नाही."

मी नोकरीवर गेले होते, एवढंही मला धड सांगता येईना. तोंडातून भलतंच निघालं, "साहेब, मीही तुमच्या ऑफिसात तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा खुर्ची रिकामी! म्हणजे तुम्ही तिथे नोकरीला नाही, असंच ना?"

साहेबांना हसू आवरेना. सोफ्यावर बसून त्यांनी 'मालक स्वतः राहतात' असं मोठ्याने म्हणत लिहिलं आणि सही केली.

माझी चार वर्षांची रेवा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "आई, हे काका आता इथेच राहणार?"