परातीतला गोळा

एकदा एक तरुणी हलवा शिकण्यासाठी एका वृद्धेच्या दारी गेली. घंटा वाजवण्याआधीच 'आपण अवेळी तर आलो नाही ना' या शंकेने ती जिना उतरू लागली. तेवढ्यात वरून आवाज आला, "चपला ऐकल्या मी तुझ्या. ये वर."

त्या वृद्धेच्या हलव्याची गावात ख्याती होती. तिळाच्या इवल्या दाण्यावर ती असा शुभ्र काटा फुलवी की पाहणाऱ्याने हातात घ्यायलाही संकोचावे. तरुणीची निकड मात्र साधी होती. थोरल्या बहिणीच्या बाळाची ही पहिली संक्रांत. रविवारी बोरन्हाण. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने हवेत, आणि घरात ते करणारी आई दहा महिन्यांपूर्वी गेलेली. "विकत आणू," असे बहीण म्हणाली होती. "नको, मी करते, आईसारखे," असे ही बोलून बसली, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

वृद्धेने आईचे नाव विचारले. "कुमुद," तरुणी म्हणाली. वृद्धेने तिचा चेहरा एकदा निरखून पाहिला.

"आणि आईसारखे म्हणजे कसे गं?"

"आईचा हात कधी घाईत नसायचा, आजी. मी लहानपणी परातीशी उभी असायचे. मधेच ती एक गोळा माझ्या हातावर ठेवायची. गोड, जरासा करपलेला. म्हणायची, हा खास तुझा. तशी चव पुन्हा कुठे मिळाली नाही मला."

वृद्धेने परात मंद आचेवर ठेवली. चमचाभर पातळ पाक घालायचा, दाणे बोटांनी फिरवत राहायचे, सुकले की पुढचा चमचा. एवढीच विद्या, पण ती दिवसानुदिवस करायची. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. दाणे पांढरे झाले, काटा मात्र दिसेना. तरुणी दर दोन मिनिटांनी एक दाणा उचलून उजेडात धरी. शेजारी शिट्टी झाली तेव्हा दचकून तिच्या हातातला चमचाच पडला.

"कुकर आहे तो," वृद्धा म्हणाली. "तोफ नाही."

गुरुवारी बहिणीचा निरोप आला: 'जमतंय ना? नाहीतर आज बाजारातून घेऊन येते.' वृद्धा समोर ओल्या हरभऱ्याचे सोलाणे सोलत बसली होती. तिची नजर चुकवून तरुणीने आच वाढवली आणि दोन चमचे पाक एकदम ओतला. मान वर केली तर वृद्धा तिच्या हाताकडेच पाहत होती. मग तिने पुन्हा सोलायला घेतले. बघता बघता दाणे एकमेकांना चिकटले, तळाशी तांबूस झाले आणि चार दिवसांच्या कष्टांचा एक गोळा झाला.

तरुणीचे डोळे भरले. "तुम्ही बघत होतात, आजी. मग थांबवलं का नाही?"

वृद्धेने गॅस बंद केला, गोळा थोडा निवू दिला, एक तुकडा मोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "आधी खा."

तरुणीने तो जिभेवर ठेवला आणि ती जागीच थबकली. "ही तर आईच्या हलव्याची चव आहे."

"बिघडलेल्या हलव्याची," वृद्धा म्हणाली. "कुमुद याच ओट्याशी शिकली. तुझ्यासारखीच होती. दार वाजलं की दचकायची, काटा दिसला नाही की आच वाढवायची. पुढेही दर संक्रांतीला तिची पहिली परात वाया जायचीच. मला येऊन सांगायची, टाकवत नाही हो, लेकरं आवडीने खातात. तुला आठवतो तो शांत हात दुसऱ्या परातीवरचा. पहिली परात तू खाल्लीस. आज तुला अडवलं असतं, तर दागिने झाले असते. पण जी आई कधी नव्हतीच, तिच्यासारखं व्हायला तू जन्मभर धडपडत राहिली असतीस. आता परात घासून घे. हात थरथरला तरी चालेल, इथे तो हलताच लागतो. आच तेवढी वाढवू नकोस."

तरुणीने परात घासली. नवे तीळ घेतले. तिचा जीव तसाच वरखाली होत होता, बोटे मात्र फिरत राहिली. शनिवारी दुपारी पहिला काटा उमटला.

बोरन्हाणाला एक छोटा हार आणि दोन कडी एवढेच झाले. मुकुट झाला नाही. बाळाने एक कडे लगेच तोंडात घातले. तरुणीने कागदात बांधून आणलेला गोळा बहिणीपुढे धरला. बहिणीने तुकडा खाल्ला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"आईचा गोळा," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, हा फक्त मलाच मिळायचा."

ज्यांच्या स्थिर हातांच्या आठवणीने आपले हात कापतात, त्यांचीही एक परात आधी करपलेली असते. आणि बहुधा तीच आपल्याला गोड लागलेली असते.